बोर्ड उलटा करून दाखवा

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका विज्ञान प्रदर्शनात घडलेली गोष्ट आहे. नववीतल्या दोन मुलांनी रेल्वेच्या फाटकाची प्रतिकृती केली होती. गाडी जवळ आली की दोन्ही बाजूंचे दांडे आपोआप खाली यावेत आणि गाडी गेली की वर जावेत, अशी योजना होती. दांडे हलविण्यासाठी दोन छोट्या सर्वो मोटारी होत्या व त्यांना हुकूम देण्यासाठी एक मायक्रोकंट्रोलर होता. शाळेत सर्व काही ठीक चालले होते. प्रदर्शनात परीक्षक समोर येऊन उभे राहिले आणि एक दांडा अर्ध्यावरच थरथरू लागला, दुसरा भलतीकडे गेला, मायक्रोकंट्रोलरवरचा दिवा विझला आणि पुन्हा लागला. मुले रडवेली झाली. त्यांनी प्रोग्रॅम तपासला, बदलला, पुन्हा चढविला. मी तेथेच होतो. मला विचारले तेव्हा मीही मोठ्या खात्रीने सांगितले, "चूक प्रोग्रॅममध्येच असणार."

दुपारी एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन प्रदर्शन पाहायला आले. विहिरीवरच्या पंपांचे स्टार्टर दुरुस्त करणे हा त्यांचा व्यवसाय. ते थोडा वेळ तो थरथरणारा दांडा पाहत राहिले आणि म्हणाले, "पोरांनो, या मोटारींना करंट कुठून घेतला?" मुलांनी मायक्रोकंट्रोलरच्या बोर्डाकडे बोट दाखविले. "अरे, एका ताटावर तीन जेवणारे बसवले, मग कुणीतरी उपाशी उठणारच की!"

त्यांचे निदान अचूक होते. प्रोग्रॅममध्ये काहीच चूक नव्हती. चूक तारांमध्ये होती आणि ती मुलांना दिसली नाही, मलाही दिसली नाही. कारण ते सर्व साहित्य तयार पेटीतून आले होते. खाचेत खाच बसवायची, तार खोचायची, की झाले! त्या तारेतून काय जाते, किती जाते, याचा विचार करण्याची वेळच आमच्यावर कधी आली नव्हती.

पुसेगाव म्हटले की पुष्कळांना सातारा जिल्ह्यातले सेवागिरी महाराजांचे गाव आठवते. मी लिहितो आहे ते हिंगोली जिल्ह्यातल्या, सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावहून. अशा गावांतल्या शाळांतही आता मायक्रोकंट्रोलर पोहोचू लागला आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. अटल टिंकरिंग लॅबची योजना २०१६ साली सुरू झाली. त्यात निवडलेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. २०२५ च्या अर्थसंकल्पात, पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये अशा आणखी ५० हजार प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा झाली. म्हणजे साहित्य येणार, यात शंका नाही. प्रश्न आहे तो त्या साहित्याचे आपण काय करणार, हा. माझे मत आधीच स्पष्ट सांगतो: सर्वो चालविणारा तयार बोर्ड हातात घेण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने तसा एक बोर्ड स्वतः जोडून, स्वतः झाळून तयार केला पाहिजे. तो ओबडधोबड झाला तरी चालेल. पहिला जळाला तरीही चालेल.

सर्वो हा कसा नोकर आहे?

'सर्वो' हा शब्द लॅटिन भाषेतल्या सेवक या अर्थाच्या शब्दावरून आला. जोसेफ फार्को या फ्रेंच अभियंत्याने वाफेच्या बळावर जहाजाचे सुकाणू फिरविणारी योजना केली आणि १८७३ साली तिच्यावर लिहिलेल्या पुस्तकात 'सर्वो-मोटर' हा शब्द वापरला. सुकाणूवाल्याने चाक थोडेसे फिरवावे आणि वाफेच्या यंत्राने अवजड सुकाणू बरोबर तेवढेच फिरवून थांबावे, ही त्यातली खुबी होती.

साधी मोटार आणि सर्वो यांतला फरक या 'थांबावे' शब्दात आहे. साध्या मोटारीला वीज दिली की ती फिरत राहते. सर्वो सांगितलेल्या कोनापर्यंत फिरतो आणि तेथे थांबतो. कुणी त्याला हलविण्याचा प्रयत्न केला तर तो जोर लावून पुन्हा जागेवर येतो. बैलगाडी हाकणाऱ्याचे उदाहरण घ्या. गाडी चाकोरीतून थोडी डावीकडे गेली की गाडीवान उजवा कासरा ओढतो. उजवीकडे गेली की डावा. गाडी कोठे हवी आणि कोठे आहे, यांतला फरक तो सतत पाहतो आणि तो फरक कमी होईल असे करतो. शास्त्रज्ञ याला पुनर्भरण किंवा प्रतिभरण म्हणतात.

आपल्या नऊ ग्रॅमच्या निळ्या सर्वोच्या पोटात हेच चालते. त्यात एक छोटी मोटार असते, दंतचक्रांची माळ असते आणि शेवटच्या चक्राच्या आसाला जोडलेला एक बदलता रोधक असतो. तो रोधक म्हणजे गाडीवानाचे डोळे. आस किती अंशात फिरला हे त्यावरून आतल्या छोट्या मंडलाला कळते. बाहेरून येणाऱ्या तीन तारांपैकी एक धन, एक ऋण आणि एक हुकुमाची असते. हुकूम येतो तो स्पंदांच्या रूपात. साधारणपणे दर २० मिलिसेकंदांनी एक स्पंद येतो. तो १.५ मिलिसेकंद टिकला तर सर्वो मध्यावर राहतो. १ मिलिसेकंदाकडे गेला तर एका बाजूला वळतो आणि २ मिलिसेकंदांकडे गेला तर दुसऱ्या बाजूला.

हुकूम देण्यासाठी लागणारा विद्युत्प्रवाह अगदी नगण्य असतो. तो मायक्रोकंट्रोलर सहज देतो. हुकूम पाळायला मात्र ताकद लागते. एवढासा सर्वोही अडकला किंवा एकदम वळू लागला, की अर्ध्या अँपिअरहून अधिक प्रवाह खेचू शकतो. आमच्या फाटकाचा हिशोब करून पाहू. दोन सर्वो, प्रत्येकी ०.६ अँपिअर, म्हणजे एकूण १.२ अँपिअर. बारीक तारा आणि सैल खाचा यांचा मिळून रोध १ ओहम धरू. ओहमच्या नियमाप्रमाणे १.२ व्होल्ट वाटेतच खर्च झाले. ५ व्होल्टपैकी उरले ३.८. शिवाय संगणकाचे साधे यूएसबी द्वार अर्ध्या अँपिअरसाठीच बनविलेले. मग मायक्रोकंट्रोलर बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, यात नवल ते काय? पुस्तकात पाठ केलेला ओहमचा नियम आमच्या टेबलावर थरथरत होता आणि आम्ही त्याला ओळखले नाही!

बोर्ड कसा करावा?

यावरचा उपाय म्हणजे मायक्रोकंट्रोलर आणि सर्वो यांच्यामध्ये एक जोडबोर्ड ठेवणे. त्याचे काम तसे सोपे आहे: हुकूम एका वाटेने आणायचा, ताकद दुसऱ्या वाटेने आणायची आणि सर्वोला दोन्ही एकत्र द्यायची.

साहित्य थोडे लागते. दुकानात ज्याला डॉट बोर्ड किंवा झीरो पीसीबी म्हणतात तो भोकांचा पट्टा. त्याची भोके एकमेकांपासून २.५४ मिलिमीटर, म्हणजे एका इंचाच्या दहाव्या भागावर असतात. त्यात बसणाऱ्या पिनांची पट्टी, दोन स्क्रूचे टर्मिनल, १००० मायक्रोफॅराड व १६ व्होल्टचा एक कपॅसिटर, एक छोटा तांबडा एलईडी आणि त्याच्यासाठी ३३० ओहमचा रोधक. पिनांच्या तीन ओळी करावयाच्या: एक हुकुमाची, मधली धनाची, तिसरी ऋणाची. धन मध्येच का? सर्वोचे टोक चुकून उलटे खोचले तरी धन आणि ऋण यांची अदलाबदल होऊ नये म्हणून. कुणाच्या तरी जळलेल्या सर्वोंनी हे शहाणपण शिकविले असेल!

धनाची सर्व पिने एकमेकांना जाड तारेने जोडून टर्मिनलच्या एका स्क्रूकडे न्यावी, ऋणाची दुसऱ्याकडे. टर्मिनलला बाहेरून चार पुनर्भारित होणारे सेल जोडावेत, प्रत्येकी १.२ प्रमाणे ४.८ व्होल्ट मिळतात. रिमोटच्या खेळण्यांत असते ती ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी येथे वापरू नये. तिचा दाब सर्वोला जास्त आहे आणि तिचा अंतर्गत रोध मोठा असल्याने ती एवढा प्रवाह देऊही शकत नाही. हुकुमाची प्रत्येक पिन स्वतंत्र तारेने मायक्रोकंट्रोलरच्या पिनेकडे जाईल.

आता एक गोष्ट विसरू नका. ती विसरल्यामुळे पुष्कळांचे सर्वो वेड्यासारखे वागतात. मायक्रोकंट्रोलरचे ऋण टोक आणि सेलचे ऋण टोक एकमेकांना जोडलेच पाहिजे. धन टोके मात्र जोडावयाची नाहीत. दोन मुलांची उंची ताडून पाहायची असेल तर दोघांनी एकाच फरशीवर उभे राहायला हवे. एक गच्चीवर आणि एक अंगणात असेल तर तुलना कशी होणार? ऋण तार ही दोघांची सामाईक फरशी आहे. ती नसेल तर सर्वोला हुकुमाचा दाब किती हे समजतच नाही.

कपॅसिटर धन आणि ऋण यांच्यामध्ये बसवावा, आणि त्याची ऋण खूण असलेला पाय ऋणाकडेच जाईल याची दोनदा खात्री करावी. त्याचा उपयोग किती, हेही मोजून पाहा. १००० मायक्रोफॅराडच्या कपॅसिटरमधून ०.६ अँपिअर प्रवाह एक मिलिसेकंद घेतला तर त्याचा दाब ०.६ व्होल्टने उतरतो. म्हणजे क्षणभराचा हिसका तो सोसतो. अडकलेल्या सर्वोची भूक भागविणे त्याच्या आवाक्यातले नाही. कपॅसिटर लावला की सगळे ठीक होते, असे सांगणाऱ्यांना हे गणित दाखवावे.

कल्हईवाला आणि आपण

सोल्डरिंग ही परकी विद्या आहे असे समजू नका. गळकी घागर झाळून घेणे हे आपल्या आजी-आजोबांच्या काळी नेहमीचे काम होते. कल्हईवाला तांब्या-पितळेचे भांडे तापवितो, त्यावर नवसागराची पूड टाकतो, पांढरा धूर निघतो आणि मग कथील चकचकीत पसरते. धातू तापला की हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून त्यावर ऑक्साइडचा थर येतो. त्या थरावर कथील चिकटत नाही. नवसागर तो थर काढून टाकतो. आपल्या सोल्डरच्या तारेच्या पोटात राळेपासून केलेला सौम्य पदार्थ असतो. तो तेच काम करतो. नवसागर मात्र विजेच्या बोर्डावर कधीही वापरू नये. त्याचा मागे राहिलेला अंश तांबे खात राहतो.

कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते आणि शिसे ३२७ अंशांना. पण ६० भाग कथील आणि ४० भाग शिसे यांचे मिश्रण १८३ अंशांनाच वितळू लागते. दोन धातू एकत्र येतात आणि दोघांपेक्षाही लवकर नरम होतात, हे रसायनशास्त्राच्या तासाला फळ्यावर लिहिण्यापेक्षा डोळ्यांनी पाहण्यात अधिक गंमत आहे.

टाका घालताना नवशिक्यांची एक चूक हटकून होते. ते सोल्डर आयर्नच्या टोकावर वितळवितात आणि तो थेंब पिनेवर नेऊन ठेवतात. तसे करू नये. आयर्नचे टोक पिन आणि तांब्याचे वर्तुळ या दोहोंना एकदम टेकवावे, दोन-तीन सेकंद तापू द्यावे आणि मग सोल्डरची तार टोकाला न लावता त्या तापलेल्या सांध्याला लावावी. सोल्डर आपण होऊन पसरेल. आधी तार काढावी, मग आयर्न. थिजेपर्यंत पिन हलू देऊ नये. चांगला टाका पायथ्याशी पसरलेल्या टेकडीसारखा दिसतो. वाईट टाका बोरासारखा गोल, नुसता वर बसलेला दिसतो. त्याला थंड टाका म्हणतात. तो आज चालतो आणि प्रदर्शनाच्या दिवशी दगा देतो!

पूर्ण झाल्यावर लगेच सेल जोडू नका. मल्टिमीटरने धन आणि ऋण ओळींमध्ये जोड आहे का ते पाहा. मीटर क्षणभर वाजून थांबला तर घाबरू नका. कपॅसिटर भरत असतो. वाजतच राहिला तर कोठेतरी दोन टाके एकमेकांना चिकटले आहेत. मग सर्वो न लावता सेल जोडून दाब मोजा. सर्वो सर्वांत शेवटी.

आक्षेप आणि उत्तरे

शिक्षक बंधुभगिनी आता काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. पहिला आक्षेप धोक्याचा. तो खरा आहे. आयर्नचे टोक ३०० अंशांच्या वर तापलेले असते आणि शिसे विषारी आहे. म्हणून शाळेत शिसेविरहित सोल्डर घेणे अधिक चांगले; ते सुमारे २२७ अंशांना वितळते, टाका थोडा निस्तेज दिसतो इतकेच. आयर्न तीन पिनांचे, स्टँडवर ठेवलेले असावे. डोळ्यांवर चष्मा, उघडी खिडकी, बांधलेले केस, एका आयर्नपाशी दोन-तीनच मुले, जवळ एक शिक्षक आणि काम संपल्यावर साबणाने हात धुणे, हे नियम पाळावेत. स्वयंपाकघरात आपली मुले उकळत्या तेलाजवळ वावरायला शिकतात. हेही तसेच शिकता येते.

दुसरा आक्षेप वेळेचा. 'तयार बोर्ड स्वस्तात मिळतो आणि कारखान्यांत यंत्रेच सोल्डरिंग करतात, मग हा खटाटोप कशाला?' हा युक्तिवाद मला बराचसा मान्य आहे. मुलांना सोल्डरिंगचे कारागीर करणे हा हेतू नाहीच. दहावा बोर्ड खुशाल विकत घ्यावा. पण पहिला बोर्ड केल्याशिवाय दहाव्यात काय आहे हे कळत नाही, आणि तो बिघडला की आपण प्रोग्रॅमच्या मागे लागतो. आमचेच उदाहरण पाहा.

तिसरा आक्षेप सहसा कुणी उघड बोलत नाही, पण तोच सर्वांत मोठा आहे. तो म्हणजे डेडस्टॉक रजिस्टर. एका शाळेत मी सर्वोच्या पेट्या कपाटात, कंपनीच्या चिकटपट्टीसह पाहिल्या आहेत. वस्तू जळाली तर जबाबदार कोण, या भीतीने त्या उघडल्याच नव्हत्या. त्या शिक्षकांना मी दोष देत नाही. तपासणीला त्यांनाच तोंड द्यावे लागते. परंतु खडू झिजला म्हणून कुणी शिक्षकाला जाब विचारत नाही. सोल्डर, पिना, डॉट बोर्ड, लहान सर्वो यांनाही खडूच्या रांगेत बसवावे, वापरून संपणाऱ्या वस्तूंत त्यांची नोंद करावी आणि वर्षाकाठी काही जळतील हे आधीच मान्य करावे. ज्या प्रयोगशाळेत काहीच मोडत नाही, तेथे बहुधा काहीच घडत नाही.

आणखी दोन सूचना आहेत. प्रत्येक प्रयोगशाळेत एक दोषवही ठेवावी. काय बिघडले, आधी काय वाटले, खरे कारण काय निघाले, हे मुलांनी तारखेसह तीत लिहावे. आमच्या फाटकाची हकीकत अशा वहीत असती, तर पुढच्या वर्गाचा एक दिवस वाचला असता. आणि परीक्षकांना विनंती आहे की, समोरून दिव्यांची झगमग पाहून गुण देऊ नयेत. "बाळ, बोर्ड उलटा करून दाखव," असे म्हणावे. टाके त्या बाजूला असतात. मूल प्रत्येक टाक्यावर बोट ठेवून येथून काय जाते हे सांगू लागले, तर दांडा अडकला तरी त्याला पूर्ण गुण द्यावेत.

दुधाळ्याचे आरसे

हे सारे मी इतक्या कळकळीने लिहितो, त्याला एक कारण आहे. आमच्याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्याचा प्रकल्प आहे. अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी अशा लहरी प्रथम टिपल्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये ती वार्ता जाहीर झाली आणि त्याच महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने भारतातल्या वेधशाळेला तत्त्वतः मान्यता दिली. एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर झाले.

या वेधशाळेला काटकोनात दोन भुजा असतील, प्रत्येकी चार किलोमीटर लांब. लेसरचा प्रकाश त्यांतल्या आरशांमध्ये ये-जा करील. लहर आली की भुजांच्या लांबीत जो फरक पडतो, तो प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे हजाराव्या भागाइतका असतो. तो मोजायचा तर आरसे कमालीचे स्थिर हवेत. जमीन सतत थरथरते, म्हणून ते लंबकांसारखे टांगतात. तेवढ्यानेही भागत नाही. प्रकाशावरून आरसा किती सरकला हे ओळखायचे आणि त्याला हळूच परत जागेवर आणायचे, असे अखंड चालू ठेवावे लागते. आरसा कोठे हवा, कोठे आहे, फरक किती? तोच गाडीवान, तोच कासरा! तेथील अभियंतेही अशा नियंत्रक मंडलांना 'सर्वो' असेच म्हणतात. आपल्या सर्वोमध्ये डोळ्यांचे काम रोधक करतो, तेथे ते प्रकाश करतो. बाकी तत्त्व एक आहे.

ही वेधशाळा उभी राहील तेव्हा तिला शास्त्रज्ञ लागतील, तसे तारा जोडणारे, दोष शोधणारे, आवाज कोठून येतो हे धीराने हुडकणारे पुष्कळ हात लागतील. ते हात पुण्या-मुंबईहून येतील, परदेशातूनही येतील, आणि त्यांचे स्वागतच आहे. पण त्यांत सेनगाव, औंढा, कळमनुरी आणि वसमतच्या मुलामुलींचे हात असणार की नाही? की जिल्ह्याने जागा द्यायची आणि आपण कुंपणाबाहेर उभे राहून पाहायचे? याचे उत्तर त्या वेधशाळेच्या फाटकावर ठरणार नाही. ते आज आपल्या शाळेतल्या कुलूपबंद कपाटापाशी ठरते आहे.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, उद्या आपल्या शिक्षकांकडे जा आणि कपाटाची किल्ली मागा. शिक्षक बंधुभगिनींनो, ती द्या, आणि मुलांबरोबर स्वतःही एक टाका घाला. माझा पहिला टाका बोरासारखा गोल झाला होता. तुमचाही होईल. तो काढून पुन्हा घालता येतो.